उंच रिसीव्हर की पळणारा? पँथर्स बघत आलोय त्यावरून सांगतो

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे शार्लटला येऊन दोन सीझन झाले, तिथली अमेरिकन फुटबॉलची टीम पँथर्स बघायला लागलात, आणि ऑफिसमध्ये सारखा वाद चालतो की टीमने रिसीव्हर (पुढे पळून फेकलेला बॉल पकडणारा) घेताना उंच धिप्पाड माणूस घ्यावा की वाऱ्यासारखा पळणारा. दुसरं म्हणजे तुमचा बारा वर्षांचा मुलगा फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) खेळतो, पळतो छान पण चणीने लहान, आणि कोच उंच पोरांकडेच बॉल टाकायला लावतात. मुलाचं शेवटी सांगतो, कारण ते वरच्या उत्तरातूनच निघतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उंचीला सरसकट झुकतं माप देऊ नये. एक उंच माणूस हवा, दोन असले तरी चालतील, पण सगळेच तसे भरले की समोरच्या डिफेन्सचं काम सोपं होतं. हे आपल्याच टीममध्ये घडलेलं मी बघितलंय.

२०१४ च्या मार्चमध्ये पँथर्सनी स्टीव्ह स्मिथला सोडलं. ५ फूट ९ इंचाचा माणूस, पण त्याच्यासारखा लढणारा रिसीव्हर या गावाने दुसरा पाहिला नसेल, मला अजूनही ते लागून राहिलंय. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांमधून टीम आळीपाळीने खेळाडू निवडतात तिथे, २८व्या नंबरवर केल्विन बेंजामिन घेतला, ६ फूट ५ इंच, जवळपास १०९ किलो. पुढच्या वर्षी दुसऱ्या राउंडमध्ये डेव्हिन फंचेस, तोही ६ फूट ४. यामागचा विचार अगदीच चुकीचा नव्हता बरं का, आपला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, कॅम न्यूटन याचा थ्रो जोरदार असायचा पण पुष्कळदा वरून जायचा, मग वरचा बॉल ओढून घेणारी लांब हातांची माणसं द्या, असं कुणालाही वाटेल. बेंजामिनने पहिल्याच वर्षी १००८ यार्ड (बॉल पकडून मिळवलेलं अंतर) आणि ९ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) केले. टीम मात्र ७ जिंकली, ८ हरली आणि १ टाय.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये मी स्पार्टनबर्गला वॉफर्ड कॉलेजमधल्या कॅम्पला गेलो होतो, तेव्हा कॅम्प तिथे व्हायचा, शार्लटवरून सव्वा तासाचा ड्राइव्ह. दोरीच्या अलीकडे उभं राहिलं की खेळाडू दहा-बारा पावलांवर असायचे. बेंजामिनला बघून तोंडात बोट घालायची वेळ यायची, कॉर्नरबॅकच्या (थोडक्यात कॉर्नर, रिसीव्हरला अडवणारा) डोक्यावरून एका हाताने बॉल काढून घ्यायचा. पण दोन-तीन राउंड झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याचा प्रत्येक कॅच भांडूनच येतोय, कॉर्नर दरवेळी त्याच्या कमरेला चिकटलेलाच. मग टेड गिनचा नंबर आला. ५ फूट ११, सडपातळ, नुसता पळणारा. त्याच्यासमोरचा कॉर्नर बॉल सुटायच्या आधीच सात-आठ यार्ड मागे जाऊन उभा राहिला. गिनने अजून काही केलेलंच नव्हतं आणि त्याला सात यार्ड फुकट मिळाले होते. माझ्यासाठी या वादाचं उत्तर तिथेच मिळालं.

त्याच महिन्यात, डॉल्फिन्सबरोबरच्या प्रॅक्टिसमध्ये बेंजामिनचा गुडघा गेला, एसीएल नावाचा स्नायुबंध फाटला, अख्खा सीझन बाहेर. गावात सुतकी वातावरण होतं, आता कॅम कुणाला टाकणार. आणि झालं काय, तर टीम १५-१ गेली, म्हणजे १५ जिंकली आणि एकच हरली, लीगमध्ये सगळ्यात जास्त, ५०० पॉइंट केले, कॅम एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि आपण सुपर बोलला, म्हणजे फायनलला, गेलो. गिनने फक्त ४४ कॅच घेतले पण त्यातले १० टचडाऊन. आता याचं सगळं श्रेय गिनला देणं बरोबर नाही, डिफेन्स जबरदस्त होता, कॅम स्वतः पळून १० टचडाऊन करून गेला, टाइट एंड (अडवणं आणि पकडणं दोन्ही करणारा धिप्पाड खेळाडू) ग्रेग ओल्सनने ११०४ यार्ड केले. पण ओल्सनला मधली मोकळी जागा कुठून मिळाली ते बघा. गिन सरळ पळत सुटला की सेफ्टीला, म्हणजे डिफेन्सच्या सगळ्यात मागच्या राखणदाराला, त्याच्यामागे खोल जावंच लागायचं, आणि सेफ्टी गेला की मधलं अंगण रिकामं. बॉल गिनकडे आला नाही तरी त्याचं काम झालेलं असायचं. उंचीचा फायदा बॉल हातात येतो त्या क्षणापुरता मिळतो, वेगाची भीती प्रत्येक स्नॅपला, म्हणजे बॉल खेळात येतो त्या प्रत्येक वेळी, असते.

हे बोलताना गिनचे हातही सांगायला हवेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोल्ट्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये तो सगळ्यांना मागे टाकून गेला, बॉल बरोब्बर हातात आला आणि सुटला. धरला असता तर मॅच तिथेच संपली होती. नंतर किकवर आपण २९-२६ जिंकलो म्हणून ते लोक विसरले. ‘हातचं सोडून पळत्याच्या मागे’ लागू नये म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं, पाय कितीही वेगवान असले तरी हात तपासल्याशिवाय माणूस घ्यायचा नाही.

२०१६ ला बेंजामिन परत आला, ९४१ यार्ड केले आणि टीम ६-१० झाली (कारणं बरीच होती, जॉश नॉर्मन गेला होता वगैरे). २०१७ च्या ऑक्टोबरच्या शेवटी त्याला बफलोला देऊन टाकलं, टीमला मैदानावर जास्त वेग हवा होता. तो सीझन ११-५ संपला.

आता वेग म्हणजे नक्की काय, कारण इथेच सगळे फसतात. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला ४० यार्डांची धाव घड्याळ लावून मोजतात. ४.३ सेकंदवाला आणि ४.५ सेकंदवाला यांच्यात ४० यार्डांनंतर साधारण दोन यार्डांचं अंतर पडतं, म्हणजे हात लांब करूनही पोचता येणार नाही इतकं, हे काही थोडं नाही. पण क्वार्टरबॅककडे वेळ किती असतो? अडीच ते तीन सेकंद. तेवढ्यात रिसीव्हर वीस-बावीस यार्ड जाईल, तेही सरळ पळाला तर. बहुतेक वेळा तो सरळ पळतच नाही, दहा-बारा यार्डांवर वळतो, थांबतो, परत येतो. मग ४० यार्डांच्या आकड्यापेक्षा पहिली पाच पावलं आणि ब्रेक मारायची ताकद जास्त कामाची.

तुम्ही लहानपणी कबड्डी खेळला असाल तर हे पटकन कळेल. चढाईला गेलेला चांगला रेडर सगळ्यात जोरात पळणारा असतोच असं नाही, तो कोपऱ्यातल्या माणसाचं वजन चुकीच्या पायावर टाकायला लावतो आणि मग निसटतो. आम्हाला शाळेत सर सांगायचे, रेडरच्या डोळ्यांकडे बघू नको, कमरेकडे बघ, कंबर खोटं बोलत नाही. इथल्या कॉर्नरबॅकनाही तेच शिकवतात. बॉल जिथून खेळात येतो त्या लाइनपासून पाच यार्डांच्या आत कॉर्नर रिसीव्हरला हाताने ढकलू-अडवू शकतो, त्यापुढे नाही, हा नियम १९७८ पासूनचा. त्या पाच यार्डांत कंबर लपवून जो सुटला तो मोकळा झाला, मग तो ५-९ असो की ६-५. धिप्पाड माणसाचा इथे एक फायदा आहे, हात लागला तरी तो हलत नाही. तोटा हा की लांब पायांच्या माणसाला खाली बसून वळायला एखादं पाऊल जास्त लागतं, आणि तेवढ्यात कॉर्नर येऊन चिकटतो.

नुसतं घड्याळ बघून घेतलेल्यांचं काय होतं तेही बघा. २०१७ ला जॉन रॉसने ४.२२ चा रेकॉर्ड केला, बेंगॉल्सनी त्याला नवव्या नंबरवर घेतला, पहिल्या वर्षी एकही कॅच नाही. २००९ ला रेडर्स नावाच्या टीमने सातव्या नंबरवर डॅरियस हेवर्ड-बे घेतला, ४.३० ची धाव, पहिल्या सीझनला ९ कॅच. उलट रॉस निघाला त्याच २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडपर्यंत पडून राहिलेला कूपर कप, ४.६२, म्हणजे या धंद्यात कूर्मगतीच, त्याने २०२१ ला १९४७ यार्ड काढले आणि सुपर बोलचा एमव्हीपी झाला. जेरी राइसबद्दलही लोक पाय हळू म्हणायचेच, कारकिर्दीत २२,८९५ यार्ड आहेत त्याचे, अजून कुणी जवळपास नाही.

उंची कुठे खरी चालते ते मान्य करायलाच हवं. टचडाऊनच्या रेषेपासून पाच यार्डांवर आलात की पुढे एंड झोनचे, म्हणजे रेषेपलीकडच्या पट्ट्याचे, दहा धरून एकूण पंधराच यार्ड उरतात, तिथे वेगवाला पळून पळून जाणार कुठे. तिथे कोपऱ्यात वर टाकलेला बॉल उडी मारून काढणारा हवा. थर्ड डाऊनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, अंगावर माणूस घेऊन सात यार्ड काढायचे असतील तरी तोच. रनिंग प्लेला, म्हणजे बॉल न फेकता घेऊन पळतात तेव्हा, पुढे जाऊन कॉर्नरला अडवायचं असेल तरी वजन लागतं, हे काम टीव्हीवर दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही. आपल्या डिव्हिजनमध्ये टँपा बेच्या माइक इव्हान्सने हे आपल्याला वर्षातून दोनदा दाखवलंय, ६ फूट ५, २०१४ ते २०२४ सलग अकरा सीझन हजार यार्डांच्या वर. त्याच्यासमोर आपला कॉर्नर सगळं बरोबर करायचा, जागेवर असायचा, हात मध्ये असायचा, तरी बॉल इव्हान्सकडे. बघताना फार जीव जळायचा.

पण हे उंचीचं काम रिसीव्हरनेच करावं असा काही नियम नाही. ते टाइट एंड करू शकतो, ओल्सन करायचाच. कॅन्सस सिटीने २०२२ ला टायरिक हिलला मायामीला दिलं तेव्हा सगळे म्हणाले वेग गेला, आता संपले. त्यांनी पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले, कारण मध्ये ६ फूट ५ चा ट्रॅव्हिस केल्सी होता. हिलने तिकडे जाऊन १७१० आणि १७९९ यार्ड केले ते वेगळंच. आणि कॅन्सस सिटीलाही वेगाची गरज वाटलीच की, २०२४ ला त्यांनी झेवियर वर्दी घेतला, ४.२१, रॉसचा रेकॉर्ड मोडणारा, वजन जेमतेम ७५ किलो.

मग दोन्ही असलेलाच का घेत नाहीत, असं तुमच्या मित्राचं म्हणणं आहे. अहो, मिळाला तर कोण सोडेल. कॅल्विन जॉन्सन ६ फूट ५, १०८ किलो आणि ४.३५, पण तसा माणूस एका पिढीत एखादा, आणि तो दुसऱ्याच नंबरवर गेला होता. डीके मेटकाफकडे दोन्ही होतं, तरी दुसऱ्या राउंडच्या शेवटपर्यंत, ६४व्या नंबरपर्यंत थांबला, कारण वळण्याच्या टेस्टमध्ये तो फार हळू निघाला. पुन्हा तेच, वळणं.

शिवाय डिफेन्सवाले काही झोपलेले नसतात. सगळे उंच रिसीव्हर घ्यायला लागले तेव्हा सिअ‍ॅटलने उंच कॉर्नर आणले, रिचर्ड शर्मन ६-३, ब्रँडन ब्राउनर ६-४. २०१४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलला डेन्व्हरकडे डेमेरियस थॉमस आणि एरिक डेकर असे दोघे ६-३ चे, स्कोअर ४३-८ सिअ‍ॅटल. आणि सिअ‍ॅटलचे स्वतःचे रिसीव्हर? डग बाल्डविन आणि गोल्डन टेट, दोघेही ५-१० च्या आसपास.

मला सगळ्यात आवडलेली जोडी म्हणजे फिलाडेल्फियाची. ए. जे. ब्राउन १०२ किलोचा, कॉर्नरला खांद्यावर घेऊन पळणारा, आणि दुसऱ्या बाजूला डेव्होंटा स्मिथ, ७७ किलो, ड्राफ्टच्या वेळी लोक म्हणायचे की हा पोरगा मोडेल. एकाच प्रकारचा कॉर्नर दोघांना पुरा पडत नाही. २०२५ च्या सुपर बोलला दोघांनीही टचडाऊन केला, ब्राउनने १२ यार्डांवरून, स्मिथने ४६ यार्डांवरून. कोण कुठे धोकादायक आहे ते या दोन आकड्यांतच आलं.

आपल्याकडे सध्या काय आहे, तर २०२४ ला पहिल्या राउंडच्या शेवटी झेवियर लेगेट घेतला, १०० किलोचा गडी, आणि २०२५ ला आठव्या नंबरवर टेटायरोआ मॅकमिलन, ६ फूट ४. दोन्ही वेळा मोठ्या अंगाचे. मॅकमिलनची निवड मला पटली, त्याची वळणं उंच माणसाच्या मानाने फार मोकळी आहेत आणि हात तर सुंदर. पण यापुढे कुणी तिसरा धिप्पाड घेऊया म्हणालं तर मी कडकडून विरोध करीन, मला २०१४ परत नको. आता सेफ्टीला मागे पळवणारा एक द्या, आपल्या क्वार्टरबॅकला, ब्राइस यंगला, मधली जागा मोकळी मिळू दे. पुढच्या रविवारी स्टेडियमला गेलात तर वरच्या मजल्याचं तिकीट काढा, स्वस्तही असतं, आणि स्नॅप झाल्यावर बॉलकडे न बघता फक्त सेफ्टीकडे बघा. तो कुणामुळे मागे सरकतो ते दिसलं की टीममध्ये कोणाची किंमत काय ते कळेल.

मुलाचं. फ्लॅगमध्ये ढकलाढकली नाही, टॅकल नाही, त्यामुळे अंगापिंडाचा फायदा तिथे सगळ्यात कमी असतो, उंच पोरांना फक्त वरचा बॉल मिळतो. कोचशी वाद घालू नका, त्यांना त्याची एक गोष्ट दिसेल असं करा. मी चार वर्षं पोरांना शिकवलं, जवळजवळ प्रत्येक वेगवान पोराची खोड एकच, थांबता येत नाही. वळायच्या आधी सहा-सात छोटी पावलं टाकतात, टपटपटप, आणि समोरच्याला आधीच कळतं. मागच्या अंगणात दोन चपला ठेवा, दहा यार्डांवर. पूर्ण वेगात येऊन तीन पावलांत थांबायचं, छाती गुडघ्यांवर, हात पळतानासारखेच हलते, मग वळायचं आणि तुम्ही टाकलेला टेनिस बॉल धरायचा. टेनिस बॉलच, कारण तो हातांनीच धरावा लागतो, छातीवर घेता येत नाही. रोज वीस वेळा, दोन्ही बाजूंना. सुरुवातीला पाच पावलं लागतील, ओरडू नका. तीनवर आला की कोचना म्हणा, याला एकदा दहा यार्डांचा कमबॅक, म्हणजे पुढे जाऊन थांबून मागे वळायची धाव, पळू द्या.