वाचकांचे प्रश्न: गोष्ट सांगता येते, वाचता येत नाही

या वेळी शाळा, मोबाइल आणि वाचन यावरच बरीच पत्रं आलीत. पहिलं पत्र आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक शाळेचं आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न: शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. पोरं घरी अहिराणी बोलतात. गोष्ट सांगायला उभं केलं तर थांबत नाहीत, पण पुस्तक हातात दिलं की गप्प. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की डिजिटल स्टोरी बनवून घ्या, म्हणून ॲनिमेशनचं ॲप घेतलं, तर सगळा तास कार्टूनचे कपडे बदलण्यातच जातो. आणि अहिराणीत रेकॉर्ड करून घेतलं तर मराठी बिघडेल असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते ॲप काढून टाका. ही डिजिटल स्टोरीची कल्पना १९९४ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत ज्यो लॅम्बर्ट आणि त्यांच्या साथीदारांच्या वर्कशॉपमधून पुढे आली, आणि त्यात नाचणारी कार्टून वगैरे काही नव्हतं. आपली दोन-तीन मिनिटांची गोष्ट आधी लिहून काढायची, मग स्वतःच्या आवाजात वाचायची आणि घरचे फोटो जोडायचे, झालं. आपल्याकडे यातली लिहिण्याची पायरीच गाळतात आणि मग पोरांना वाचायला का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

तुमच्या वर्गात असं करून बघा. कानबाईच्या सणाला घरी होणाऱ्या रोटांची गोष्ट घ्या, नाहीतर आजी खापरावर पुरणपोळी कशी टाकते ते घ्या, खान्देशातल्या पोराला हे विचारलं की ते हात पसरून पोळी केवढी मोठी ते दाखवतंच. ते बोलेल तसं त्याच्यादेखत फळ्यावर लिहा, सुधारू नका. "मनी माय वावरमा गयी" म्हणालं तर तेच लिहा. आपण आत्ता बोललो ते फळ्यावर उतरलं हे पोर बघतं आणि पुढच्या ओळीत काय आहे ते त्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे वाचायची भीती निम्मी तिथेच जाते. आमच्या असोद्याच्या बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं, त्या ओव्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि घरचे लिहून घ्यायचे, म्हणून तर आज त्यांची गाणी आपल्या हातात आहेत. तेव्हा ही पद्धत खान्देशला नवी नाही.

आता यात एक चोरवाट आहे, पोर पाठ म्हणतं आणि आपल्याला वाटतं वाचतंय. म्हणून वाक्यांच्या पट्ट्या कापा, उलटसुलट करा आणि लावायला सांगा, आणि मधलाच एखादा शब्द बोट ठेवून विचारा. हे जमल्याशिवाय मोबाइल बाहेर काढूच नका, नाहीतर पोरांचं सगळं लक्ष मोबाइलकडे.

त्यानंतर एका स्क्रीनवर एक वाक्य, असे सहा-सात स्क्रीन पुरे. चित्र वहीतच काढू द्या आणि दिवसा दाराजवळच्या उजेडात फोटो घ्या, ट्यूबलाइटखाली पेन्सिल दिसत नाही. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडचा आवाज वेगळा रेकॉर्ड होतो, म्हणजे चौथं वाक्य अडखळलं तर तेवढंच परत घ्यायचं, सगळं पहिल्यापासून नाही. पोर स्वतःचा आवाज ऐकतं आणि स्वतःच म्हणतं "मॅडम, परत वाचू द्या", आपण दहादा सांगून जे होत नाही ते इथे न सांगता होतं. अख्ख्या उपक्रमातला खरा फायदा मला हाच वाटतो, व्हिडिओ चांगला झाला की नाही हे दुय्यम.

वाक्य मात्र स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसलंच पाहिजे. आयआयएम अहमदाबादमध्ये काम केलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून हेच मांडतायत, टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवले की बघणारा आपोआप वाचत जातो. टाइप युनिकोडमध्ये करा, जुन्या श्रीलिपी फॉन्टमधलं मोबाइलवर कचरा दिसतं. आणि अहिराणीला मराठी व्हॉइस टायपिंग लावू नका, ते स्वतःच्या मनाचंच काहीतरी लिहितं.

मराठी बिघडण्याचं म्हणाल तर जे पोर वाचतच नाहीये त्याचं बिघडणार काय? अहिराणीची गोष्ट वाचता आली की त्याच वाक्याखाली "माझी आई शेतात गेली" असं लिहा आणि दोन्ही वाचून घ्या, काय बदललं ते पोरंच ओरडून सांगतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय, स्टाफरूममध्ये कुणी फारच ताणलं तर हे पुढे करा.

प्रश्न: मुलगा पहिलीत आहे, दिवसभर मोबाइलवर गोष्टीचे व्हिडिओ बघतो. वाचायला शिकेल का? (एक आई, भुसावळ)

उत्तर: नुसतं बघून नाही. शब्द वाढतील, गोष्ट कळेल, पण अक्षरावर नजर गेलीच नाही तर वाचन येणार कुठून. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्यावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, डाउनलोड होतात, चार पातळ्या आहेत, सोप्या पहिल्या पातळीपासून सुरू करा. रात्री एक गोष्ट शेजारी बसून, ओळीखाली बोट फिरवत. तुमचं बोट, त्याचं नाही, सुरुवातीला त्याला बघू द्या.

प्रश्न: आमची शाळा धडगावकडे सातपुड्यात आहे, रेंज नाही, पोरं पावरी बोलतात. मोबाइलवर डिजिटल स्टोरी वगैरे आमच्यासाठी नाहीच ना?

उत्तर: सर, वरच्या उत्तरातलं काय इंटरनेटशिवाय अडतं सांगा? कॅमेरा, रेकॉर्डर, स्लाइड सगळं रेंजशिवाय चालतं. अडचण आहे ती पावरी तुम्हाला येत नसेल तर, आणि तिथे पाचवी-सहावीची मोठी पोरं नाहीतर एखादी आई बसवा, ती सांगेल तसं देवनागरीत लिहा. एखादा आवाज देवनागरीत नीट बसला नाही तर पोरांनाच विचारून एक स्पेलिंग ठरवा आणि वर्षभर तेच ठेवा. तालुक्याला गेलात की रेंजमध्ये स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी उतरवून घ्या.

प्रश्न: पोरांचे व्हिडिओ शाळेच्या चॅनलवर टाकतो, पालकांची परवानगी लागते का? (मुख्याध्यापक, चोपडा)

उत्तर: घ्याच, लेखी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलीय. त्यापेक्षा चेहरा दाखवूच नका, आवाज आणि चित्र पुरतं, शेवटी नाव टाकायचं तर पहिलंच टाका, आडनाव आणि गाव नको. पालकांच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून गेला की दाबला जातो आणि वाक्यं धूसर होतात, मग आजीला काय वाचून दाखवणार.