डेट्रॉइटचा घोडेस्वार वेंगुर्ल्यात ऐकू आला का?

गेल्या अंकात जुन्या रेडिओवरच्या साहसमालिकांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि किनारपट्टीवरून पत्रांचा पाऊसच पडला. रत्नागिरीच्या रामआळीत रेडिओ दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. व्हॉल्व्हचे सेट उघडता उघडता त्यांतून काय वाजत असे याचा छंद लागला तो कायमचा. त्या मालिकांच्या प्रसारणाबद्दल ऐकीव गोष्टी फार फिरतात, म्हणून ही सगळी जागा आज त्यांनाच.

प्रश्न : माझे आजोबा सांगत की, महायुद्धाच्या काळात दिवेलागणीला ते वेंगुर्ल्याच्या घरी बसून 'लोन रेंजर' थेट अमेरिकेतल्या डेट्रॉइट केंद्रावरून ऐकत. हे शक्य आहे का?
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : थेट डेट्रॉइटहून, नाही. हे ठामपणे सांगता येतं, कारण साक्ष सूर्याची आहे. मुखवटाधारी घोडेस्वार नायकाची ही साहसमालिका डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड या केंद्रावर १९३३ च्या जानेवारीअखेर सुरू झाली. कोणी ३० तारीख देतात, कोणी ३१. केंद्र मीडियम वेव्हचं आणि मालिकेची ठरलेली वेळ संध्याकाळी साडेसातची. तिथे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ असते, सहाच्या सुमाराची. उलट वेंगुर्ल्यात दिवेलागण होते तेव्हा डेट्रॉइटची माणसं न्याहारी करून कामाला निघालेली असतात. तेव्हा केंद्रावर रात्रीची मालिका नाही, आणि असती तरी उपयोग नव्हता. उजेड असताना आकाशातला आयनांचा खालचा थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. रात्री तो विरतो, तेव्हाच लांबची केंद्रं लागतात. आपल्याकडे माडाला एरियल बांधून लोक रात्री उशिरापर्यंत काटा फिरवत बसत, ते याचसाठी. पण इथे वाट अर्ध्या पृथ्वीची आणि तिचं एक टोक लख्ख उन्हात.

शिवाय सुरुवातीला ही मालिका सगळ्या अमेरिकेतही पोचत नव्हती. ती मिशिगन राज्यापुरती होती. १९३४ मध्ये न्यूयॉर्क, शिकागो, सिनसिनाटी आणि डेट्रॉइट अशा चार केंद्रांनी मिळून म्युच्युअल नेटवर्क उभं केलं, त्यानंतर ती दूरवर गेली. 'पहिल्या रात्री सारा देश रेडिओला कान लावून बसला' हे वाक्य म्हणूनच खोडून टाका.

आजोबा खोटं बोलले असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. युद्धात अमेरिकी सैन्य आपल्या जवानांसाठी घरचे कार्यक्रम तबकड्यांवर भरून जगभर पाठवत असे, आणि शॉर्ट वेव्हवर रात्री इंग्रजी कार्यक्रम भरपूर लागत. तो आवाज अमेरिकेचा असेल, पण केंद्र जवळचं. घरात रेडिओचं जुनं लायसन्स असेल तर शोधा, सेट कोणत्या वर्षी आला ते त्यावरून कळेल. मग त्या वर्षाचे 'इंडियन लिसनर'चे अंक बघा. ऑल इंडिया रेडिओच्या या नियतकालिकात कार्यक्रमांच्या वेळा छापलेल्या असत. आठवणीत सन सरकतो, छापलेल्या पानावर सरकत नाही.

प्रश्न : 'लोन रेंजर'चा १९३३ चा पहिला भाग माझ्या मोबाईलवर आहे. सहा रेंजर, म्हणजे टेक्सासचे घोडेस्वार पोलीस, दरीत सापडतात, पाच मरतात, एक वाचतो. आवाज इतका स्वच्छ कसा?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : कारण तो १९३३ चा नाही. तुमच्याकडे आहे तो बहुधा १९४८ च्या जूनमधला भाग. मालिकेला पंधरा वर्षं झाली म्हणून नायकाची जन्मकथा तेव्हा नव्याने सांगितली गेली, आणि तीच 'पहिला भाग' म्हणून फिरते. मूळ पहिल्या भागात ही दरी नव्हतीच. नायकाचा सोबती टाँटोसुद्धा तेव्हा नव्हता; काही भाग झाल्यावर, घोड्याशिवाय बोलायला नायकाला कोणीतरी माणूस हवं म्हणून तो आणला.

पहिली वर्षं सगळं जिवंत चालायचं. नट माइकपुढे उभे, कागद हातात, घोड्याच्या टापा तिथल्या तिथे वाजवायच्या, अर्धा तास झाला की सगळं हवेत विरलं. या मालिकेचं नियमित ध्वनिमुद्रण १९३८ पासून, तेही सोळा इंची तबकड्यांवर. एका बाजूला पंधरा मिनिटं, म्हणजे एका भागाला दोन बाजू. त्याआधीच्या पाच वर्षांसाठी विश्वास ठेवायचा तो लेखक फ्रॅन स्ट्रायकर यांच्या टंकलिखित संहितांवर.

कानाने ओळखायची एक खूण सांगतो. नायकाचा आवाज भारदस्त, घुमणारा असेल तर तो बहुतेक ब्रेस बीमर. त्यांच्याआधी नायकाचा आवाज देणारे अर्ल ग्रेझर १९४१ च्या एप्रिलमध्ये मोटार अपघातात गेले, त्यानंतर बीमर आले आणि १९५४ मध्ये मालिका संपेपर्यंत राहिले. ग्रेझर यांचा आवाज जुन्या तबकड्यांवर जरूर ऐका. बीमर यांच्या सावलीत त्यांना सगळे विसरले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : वर्गात मी मुलांना सांगते की, 'सुपरमॅन'च्या रेडिओ मालिकेने कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वंशद्वेषी संघटनेचे गुप्त परवलीचे शब्द रोज जाहीर केले आणि क्लॅन कोसळली. सांगत राहू ना?
(एक शिक्षिका, मालवण)

उत्तर : बाई, गोष्ट जरूर सांगा, फक्त परवलीचे शब्द काढून टाका. १९४६ च्या जूनमध्ये 'क्लॅन ऑफ द फायरी क्रॉस' ही सोळा भागांची कथा प्रसारित झाली. टॉमी ली नावाचा चिनी वंशाचा मुलगा बेसबॉलच्या संघात येतो, दुसऱ्या मुलाची जागा जाते, आणि बुरखेधारी टोळी लींच्या अंगणात जळता क्रूस उभा करते. महायुद्ध संपून वर्ष झालेलं नव्हतं. अशा वेळी, नाश्त्याच्या धान्याच्या जाहिरातींवर चालणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमात वंशद्वेष हा खलनायक करणं हे धाडसच होतं.

परवलीच्या शब्दांची कथा स्टेट्सन केनेडी या अमेरिकी लेखकाकडून आली. त्यांनी क्लॅनविरुद्ध लिहिलं, काम केलं, त्याबद्दल शंका नाही. पण क्लॅनच्या आत शिरून मिळवलेली म्हणून त्यांनी सांगितलेली बरीच माहिती दुसऱ्या खबऱ्याने आणलेली होती. दोन अमेरिकी लेखकांनी ही कथा २००५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात घेतली आणि आपली दिशाभूल झाल्याचं पुढच्याच वर्षी जाहीरपणे लिहिलं. सोळाही भाग आज ऐकायला मिळतात. मी ते पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. रोज खरे परवलीचे शब्द फोडल्याचं त्यांत कुठेही नाही. मुलांना एखादा भागच ऐकवा. टॉमीच्या घरासमोरचा प्रसंग ऐकताना वर्ग गप्प होईल, आणि त्याला कुठल्याही परवलीची गरज लागणार नाही.

सुपरमॅनला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट रेडिओतून आलं, हे मात्र खरं: रेडिओवर १९४३ मध्ये, चित्रकथेत १९४९ मध्ये.

प्रश्न : ब्रूस लीने केलेला केटो, म्हणजे 'ग्रीन हॉर्नेट' या नायकाचा सोबती, मुळात जपानी होता आणि पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी रेडिओवर एका रात्रीत फिलिपिनो झाला, असं वाचलं.
(एक वाचक, हर्णै)

उत्तर : हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. 'ग्रीन हॉर्नेट'च्या जून १९४१ मधल्या भागातच केटोला फिलिपिनो म्हटलेलं आहे. मालिका १९३६ ला सुरू झाली तेव्हा तो जपानी होता, पुढे त्याचा देश सांगणंच बंद झालं, आणि १९४० च्या चित्रपट मालिकेत तर तो कोरियन होता. बदल हळूहळू झाला. ब्रूस ली आला १९६६ ला, दूरचित्रवाणीवर.

प्रश्न : साहसमालिका नव्हे, पण विचारतो. अमीन सायानी दर बुधवारी कोलंबोला जाऊन 'बिनाका गीतमाला' सादर करत, असं वडील सांगायचे.
(एक वाचक, देवगड)

उत्तर : कार्यक्रम १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाला आणि दशकानुदशकं तिथेच वाजला, म्हणून सगळ्यांची तशीच समजूत. बोलणारा मात्र मुंबईत होता. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, टेप विमानाने कोलंबोला जात आणि तिथल्या शॉर्ट वेव्हच्या ताकदवान ट्रान्समीटरवरून आपल्याच गावात परत येत. त्या वेळी माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर सिनेगीतांना जागा उरली नव्हती, म्हणून हा एवढा फेरा. देवगडला सिलोन स्वच्छ लागे, पावसाळ्यातल्या विजांची खरखर सोडली तर. तुमच्या वडिलांनी फर्माइशीचं पोस्टकार्ड टाकलं असेल, तर ते समुद्र ओलांडून गेलं नाही. ते मुंबईलाच पोचलं.