डब्यातून परत येणारे अन्न आधी पाहा

मुलाचे शाळेत जाणे नुकतेच सुरू झाले असेल आणि त्याच्या डब्यामुळे होणारी नासाडी व कचरा कमी करायचा असेल, तरी नवे डबे घेण्याची घाई करू नये. पहिला आठवडाभर संध्याकाळी डबा स्वतः उघडून काय उरले ते पाहावे. पोळीच्या कडा तेवढ्या परत येत असतील तर पोळी वातड होते आहे, आणि अर्धी भाजी रोज उरत असेल तर मधल्या सुटीच्या मानाने आपण जास्त भरतो आहोत, असे समजावे. माझ्या मते खरी नासाडी येथेच होते, वेष्टनाचा प्रश्न त्यानंतरचा.

पोळी फॉइलऐवजी धुतलेल्या सुती रुमालात गुंडाळावी, कारण तेलकट फॉइल पुनर्वापरासाठी सहसा कोणी घेत नाही. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच. घरातला स्टीलचा चमचा द्यावा. खणांचा स्टीलचा डबा नागपूरच्या इतवारी बाजारात मिळतो, मात्र झाकण मुलाला स्वतः उघडता येते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

हंगामात संत्रे अखंडच द्यावे: त्याला वेष्टन लागत नाही, आणि साली डब्यात परत आणायला सांगितल्यास त्या घरच्या ओल्या कचऱ्यात जातात. मार्चनंतरच्या नागपुरी उन्हात मात्र दहीभात टाळावा, तो दुपारपर्यंत आंबतो.