काकांचा आजार, तुझा रिसर्च आणि तिसऱ्यांदा नीट

तुझं पत्र वाचलं. तू सांगलीची, टीवायबीएस्सी बायोकेमिस्ट्री करतेयस, काकांना मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) होता पण पहिलं वर्षभर मानेचा स्पॉन्डिलोसिस म्हणूनच ट्रीटमेंट चालली, म्हणून मणक्यातल्या पाण्यावरून हा आजार लवकर ओळखण्यावर तुला काम करायचंय, आणि आईबाबा म्हणतायत डॉक्टर झाल्याशिवाय हे जमणार नाही, तिसऱ्यांदा नीट दे.

तर, जमतं. मणक्यात सुई डॉक्टरच घालणार, पण पुढे त्या पाण्यात काय शोधायचं, कसं मोजायचं हे बरंचसं तुमच्याच विषयाचं काम आहे. सध्या सगळ्यात भरवशाचं म्हणजे न्यूरोफिलामेंट, चेतातंतूच्या आतल्या सांगाड्याचं प्रोटीन. तंतू खराब झाला की ते बाहेर सुटतं, पाण्यात भरपूर आणि रक्तात थोडंसं. एएलएसमध्ये, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकारात, ते खूप वाढतं. गोम एवढीच की एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्यातल्या तंतूंचा वेगळा आजार) वाढतं, काही डिमेन्शियातही वाढतं, म्हणजे तंतू मरतायत हे कळतं, कशाने मरतायत ते नाही कळत. म्हणून आता बरेच जण टीडीपी-४३ च्या मागे लागलेत, हे प्रोटीन एएलएसच्या बहुतेक सगळ्या पेशंटमध्ये बिघडलेलं असतं (२००६ मध्ये कळलं हे), ते पेशीच्या केंद्रकातून बाहेर गेलं की भलतेच प्रोटीनचे तुकडे तयार होतात आणि ते तुकडे मणक्याच्या पाण्यात पकडता येतायत. मला विचारशील तर शिरायचंच असेल तर इथे शिर.

आणि हे नुसतं निदानापुरतं नाहीये हं. २०२३ मध्ये अमेरिकेत टोफर्सेन या औषधाला मंजुरी मिळाली ती रक्तातलं न्यूरोफिलामेंट कमी झालं याच्या जोरावर. अर्थात ते एसओडी१ जनुकात दोष असणाऱ्यांसाठीच, शंभरात दोनेक पेशंट.

लॅबचं काम मात्र किचकट आहे. सॅम्पल पॉलिप्रॉपिलीनच्याच ट्यूबमध्ये घ्यायचं कारण काही प्रोटीनं दुसऱ्या प्लास्टिकला किंवा काचेला चिकटून बसतात, रक्त मिसळलं तर आकडे बिघडतात, मग सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून) छोटे छोटे भाग उणे ८० अंशांना ठेवायचे. असल्या कामाचा तुला कंटाळा येतो का ते आत्ताच बघ, सुट्टीत एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन बस.

पुढचं सांगतो. जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा), मग पीएचडी. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये (मेंदू आणि मनाच्या आजारांची मोठी संस्था) न्यूरोकेमिस्ट्रीचा वेगळा विभागच आहे, शिवाय पेशंट तिथेच येतात. स्टॅटिस्टिक्स आणि आर (R, आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा) आजपासून सुरू कर, बायोकेमिस्ट्रीची पोरं नेमकी तिथेच अडकतात. आईबाबांना एमबीबीएस साडेपाच, एमडी तीन, न्यूरोलॉजीचं डीएम तीन असा हिशोब कागदावर मांडून दाखव, त्यात नीटची तयारी धरलेलीच नाही. पेशंट बघायची मनापासून ओढ असेल तर खुशाल दे नीट, पण तुझ्या पत्रात ती मला कुठे दिसली नाही. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, तेवढे चुकवू नकोस.