सीपीयूचे अलर्ट आधी काढा

प्रश्न : मी डिचोलीचा. बीसीए करून कळंगुटच्या एका हॉटेलात आयटी सांभाळतो. आयटी विभाग म्हणजे मी एकटाच. आठ सर्व्हर, दोन फायरवॉल आणि बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे. मॅनेजरनी सांगितलं म्हणून व्हिडिओ बघून प्रोमिथियस (सर्व्हरचे आकडे गोळा करून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर) आणि ग्राफाना (त्या आकड्यांचे आलेख दाखवणारं) बसवलं. डॅशबोर्डवर तीसेक आलेख आहेत, दिसतात झकास. सीपीयू 80 टक्क्यांवर, मेमरी 80 टक्क्यांवर, डिस्क 80 टक्क्यांवर गेली की टेलिग्रामवर मेसेज येतो. पण रात्रभर फोन वाजतो म्हणून आता आवाज बंद करून झोपतो. परवा बुकिंगचं पान बंद पडलं ते मला रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं. हे नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : सीपीयूचे सगळे अलर्ट आधी काढून टाका. हा अंक खाली ठेवलात की लगेच. रात्री दोनला बॅकअप सुरू होतो तेव्हा सीपीयू 95 वर जाणारच, त्यासाठीच तर त्याला पैसे मोजलेत. त्या मेसेजवर तुम्ही उठून करणार काय? काहीच नाही. ज्या अलर्टवर करण्यासारखं काही नसतं, तो फोनवर येता कामा नये. रोज मरे त्याला कोण रडे!

तुमच्या पत्रातली कामाची ओळ रिसेप्शनवरच्या मुलीची आहे. तिला जे कळलं ते प्रोमिथियसला का कळलं नाही? कारण तुम्ही त्याला फक्त सर्व्हरच्या आतलं विचारता. बाहेरून पान उघडतं का, हे कुणी बघतच नाही. त्यासाठी ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर आहे. बुकिंगच्या पानाचा पत्ता त्याला द्या. दर अर्ध्या मिनिटाला तो ते पान उघडतो, उत्तर 200 (म्हणजे ‘पान ठीक उघडलं’) आलं का आणि किती वेळात आलं, हे प्रोमिथियसला सांगतो. तुमचा पहिला खरा अलर्ट हा. नियमात ‘फॉर’ म्हणून एक ओळ असते, तिथे तीन मिनिटं लिहा. पान एकदाच अडखळलं तर अलर्ट ‘पेंडिंग’मध्ये राहील आणि पुन्हा सुरळीत झालं की आपोआप विरून जाईल. सलग तीन मिनिटं बंद राहिलं तरच ‘फायरिंग’ होऊन फोन वाजेल, आणि तो वाजलाच पाहिजे.

डिस्कचा अलर्ट मात्र ठेवा, पण 80 टक्क्यांचा नको. 2 टीबीच्या डिस्कवर 80 टक्के भरले तरी 400 जीबी मोकळे असतात, 20 जीबीच्या डिस्कवर उरतात जेमतेम 4. दोन्हींना एकच नियम कसा चालेल? ‘प्रेडिक्ट लिनियर’ नावाचं फंक्शन आहे. गेल्या सहा तासांत जागा ज्या वेगाने संपली त्याच वेगाने संपत राहिली तर उद्या या वेळेपर्यंत डिस्क भरेल का, ते काढता येतं. लॉगची फाइल बेफाम वाढू लागली की हा अलर्ट दुपारीच येतो, मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. एक फाइल पुसून काम भागतं.

डॅशबोर्डवरही थोडं. पान किती वेळात उघडतं याची सरासरी बघत असाल तर ती फसवते. शंभर जणांपैकी 95 जणांना पान 0.2 सेकंदात मिळालं आणि पाच जणांना 10 सेकंद लागले, तर सरासरी येते 0.69 सेकंद. पडद्यावर सगळं आलबेल, आणि ते पाच जण दुसरं हॉटेल बघायला गेलेले. म्हणून 99 वा पर्सेंटाइल लावा, म्हणजे शंभरातल्या 99 जणांना ज्या वेळेच्या आत पान मिळालं ती वेळ; तो सरळ 10 सेकंद दाखवतो. गूगलची मंडळी चार गोष्टी बघायला सांगतात : उत्तराला लागलेला वेळ, येणारी गर्दी, चुका आणि यंत्र किती भरत आलंय ते. पहिल्या पडद्यावर या चारच ठेवा. बाकीचे तीसेक आलेख दुसऱ्या पानावर हलवा. काही बिघडल्यावर कारण शोधायला ते लागतात, एरवी कुणी बघत नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. जूनमध्ये एखादी पोफळ तारेवर पडली की वीज गेली, थोड्या वेळाने यूपीएसही संपला. तुमचा प्रोमिथियस त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर असेल तर सगळ्यांबरोबर तोही गप्प. मेसेज पाठवणार कोण? म्हणून सतत पेटलेला राहील असा एक अलर्ट मुद्दाम लावतात. तो दर काही मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेकडे हजेरी लावतो. हजेरी चुकली की ती सेवा तुम्हाला कळवते. हॉटेलचं इंटरनेट तुटलं तरी हेच कामी येतं.

आणखी एक सेटिंग आजच बघा. प्रोमिथियस मुळात 15 दिवसांचेच आकडे ठेवतो. नाताळच्या गर्दीत सर्व्हर कसा चालला हे जानेवारीअखेर बघायला जाल तर हाती काही लागणार नाही. डिस्क असेल तर मुदत वर्षभराची करा.

आणि सराव घरच्या लॅपटॉपवर करा, हॉटेलच्या सर्व्हरवर नको. यंत्राच्या सीपीयू, मेमरी, डिस्कचे आकडे प्रोमिथियसला देणारा नोड एक्स्पोर्टर बसवा, एक भलीमोठी फाइल तयार करून डिस्क भरत आणा, अलर्ट पेंडिंगवरून फायरिंगवर जाताना डोळ्यांनी बघा. मग एक्स्पोर्टर बंद करा. प्रोमिथियस स्वतः जाऊन प्रत्येकाची विचारपूस करतो, त्यामुळे कुणी उत्तर दिलं नाही की ‘अप’चा आकडा लगेच शून्य होतो. मुद्दाम पाडून बघितल्याशिवाय अलर्टवर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : फोंड्याच्या एका पतसंस्थेत आम्ही दोघी संगणक विभागात आहोत. बहुतेक विंडोजची यंत्रं, शाखांमध्ये स्विच आणि प्रिंटर. सगळे प्रोमिथियस म्हणतात. आम्हीही तेच शिकावं का?

उत्तर : ताई, तुमच्या यादीला झॅबिक्स हे देखरेखीचंच दुसरं सॉफ्टवेअर जास्त सोयीचं पडेल. स्विच-प्रिंटरची खबर घ्यायला लागणारं एसएनएमपी (नेटवर्कवरच्या यंत्रांना त्यांची स्थिती विचारायची ठरलेली पद्धत) त्यात आयतंच आहे, विंडोजच्या यंत्रावर बसून आकडे पाठवणारा एजंट आहे, तयार टेम्प्लेट आहेत, आणि अलर्टचे नियम फाइलमध्ये न लिहिता पडद्यावरच भरता येतात. तेही फुकटच आहे. प्रोमिथियसवर हे जमत नाही असं नाही, पण एसएनएमपीची जुळवाजुळव करताना नवख्या माणसाच्या नाकी नऊ येतात. नोकरी बदलून मोठ्या कंपनीत कुबरनेटीसवर (अनेक सर्व्हरवर मिळून सॉफ्टवेअर चालवणारी व्यवस्था) काम करायचा विचार असेल तर प्रोमिथियस घरी शिका. पतसंस्थेत मात्र आधी एकाच शाखेचा स्विच झॅबिक्सला जोडा आणि त्याची केबल काढून मेसेज दोघींच्याही फोनवर येतो का बघा. एक जण रजेवर असते तेव्हाच काहीतरी बंद पडतं.