‘मायक्रोटोनल’ला ‘श्रुती’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पाश्चात्त्य संगीताच्या एका कार्यक्रमाची माहिती मराठीत द्यायची आहे. तिथे ‘मायक्रोटोनल ट्यूनिंगमधून (म्हणजे कीबोर्डच्या बारा समान सुरांबाहेरच्या जुळवणीतून) अपरिचित हार्मनीचा शोध’ असं म्हटलंय. त्याला ‘श्रुतिबद्ध सुसंवाद’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही, आणि ‘श्रुती’ हा शब्द तर इथे टाळायलाच हवा. आपल्याकडे श्रुती म्हणजे नुसता बारीक सूर नव्हे. नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती सात स्वरांना वाटून दिल्या आहेत: षड्जाला चार, ऋषभाला तीन, गांधाराला दोन, अशा. संवादसुद्धा त्याच मापाने सांगितला आहे. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर, ते एकमेकांचे संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे. आजचा गवई श्रुतीविषयी बोलतो तेव्हा त्याच्या मनात षड्ज आणि राग दोन्ही असतात; दरबारी रागातला गांधार किती उतरा घ्यायचा, हा श्रुतीचा प्रश्न. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली श्रुतींचं गणित पुस्तकरूपाने मांडलं आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांनी त्या विचारातून श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. त्यांची धडपडही आपल्या संगीतातला स्वर नेमका कुठे लागतो, हे पकडण्याची होती. अनेक स्वर एकदम वाजवून नवी हार्मनी शोधावी, हा त्यांचा विषय नव्हता.

मग तुमच्या वाक्यातली हार्मनी ‘अपरिचित’ का? याचं उत्तर तंबोऱ्यात ऐकू येतं. तंबोरा नीट मिळाला, जवारी उघडली (म्हणजे घोडीवर तार नीट झणकारू लागली), की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गांधार उमटतो. हा स्वयंभू गांधार. एकाच सप्तकात आणून पाहिला तर त्याची कंपनसंख्या षड्जाच्या सव्वापट भरते. पियानोवर किंवा कीबोर्डवर सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला गांधार याहून जरा चढा असतो. षड्ज २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० कंपनांचा) धरला, तर स्वयंभू गांधार बरोबर ३०० वर येतो आणि कीबोर्डचा सुमारे ३०२.४ वर. कीबोर्डवर सा आणि ग एकदम दाबून धरा. षड्जाच्या नादात त्याच्या कंपनसंख्येची पाचपटही मिसळलेली असते, म्हणजे १२०० हर्ट्झ. गांधाराच्या नादात त्याची चौपट, म्हणजे सुमारे १२०९.५. या दोन्हींच्या टकरीतून सेकंदाला नऊ-दहा विस्पंद (आवाजाचे चढउतार) होतात, आवाज थरथरत राहतो. गांधार ३०० वर उतरवला की ती थरथर थांबते आणि दोन सुरांचा एक सूर झाल्यासारखा वाटतो. लहानपणापासून कीबोर्डवरच वाढलेल्या कानाला हीच स्थिरता अनोळखी वाटते.

तंबोऱ्याच्या त्याच खर्जाच्या तारेत कंपनसंख्येची सातपटही असते. ती कोमल निषादाच्या जवळ येते, पण कीबोर्डच्या कोमल निषादापेक्षा सुमारे ३१ सेंट उतरी. (कीबोर्डच्या लगतच्या दोन सुरांत १०० सेंट धरतात.) म्हणजे कीबोर्डच्या एका पावलाच्या जवळजवळ एक तृतीयांश फरक, साध्या कानालाही कळावा असा. आपल्याकडे सध्या प्रचलित असलेल्या श्रुतींच्या बहुतेक तक्त्यांत २, ३ आणि ५ यांच्याच गुणोत्तरांवरून आकडे काढलेले असतात, सातचं गुणोत्तर त्यांत बसत नाही. आणि ४:५:६:७ या प्रमाणात चार सूर एकत्र वाजवले की, कीबोर्डवर अस्वस्थ वाटणारी, पुढे कुठेतरी जायला निघालेली कॉर्ड जागेवर शांत बसते. डच भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांनी सप्तकाचे ३१ समान भाग करणारा ऑर्गन बांधवून घेतला. त्यात हा सातवाला निषाद फक्त एका सेंटच्या फरकाने सापडतो. अमेरिकेचे संगीतकार हॅरी पार्च यांनी ११ पर्यंतची गुणोत्तरं घेऊन सप्तकात ४३ सूर ठरवले आणि ते वाजवायला वाद्यंही स्वतःच घडवली. या सगळ्याला ‘श्रुती’ म्हटलं, तर मराठी वाचक ३१ आणि ४३ चा मेळ २२ शी घालत बसेल.

‘सूक्ष्मस्वर’ हा पर्याय बरा आहे, पण तोही सगळीकडे चालत नाही. चेक संगीतकार आलोइस हाबा यांच्या पावस्वरांना (कीबोर्डच्या पावलाच्या निम्म्या अंतरांना) तो शोभतो. मात्र ‘बोलेन-पियर्स’ नावाची एक जुळवणी आहे, तिच्यातलं प्रत्येक पाऊल सुमारे १४६ सेंटचं, म्हणजे कीबोर्डच्या पावलापेक्षा मोठंच. तरी तिलाही मायक्रोटोनलच म्हणतात. थोडक्यात, व्यवहारात या शब्दाचा अर्थ ‘बारा समान सुरांच्या बाहेरचं’ इतकाच उरला आहे, आणि मराठीत तोच अर्थ सांगावा.

‘सुसंवाद’ आता माणसामाणसांतल्या संबंधांसाठी रुळला आहे, म्हणून ‘स्वरसंवाद’ घ्यावा. पण ऐकवली जाणारी रचना मुद्दाम कर्कश असेल, तर ‘संवाद’ म्हणणं चुकीचं ठरेल. तिथे सरळ ‘हार्मनी’ ठेवा, वाचकाला कळतं. ‘ट्यूनिंग’ला ‘जुळवणी’ पुरेसं आहे. तंबोरा जुळवतात, तबला जुळवतात, त्यामुळे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी असं लिहीन: ‘बारा समान सुरांपलीकडच्या जुळवण्यांतून अनोळखी स्वरसंवादांचा शोध’. कार्यक्रमात बोलेन-पियर्सची रचना असेल, तर तिच्या वर्णनात ‘सप्तक’ शब्दही येऊ देऊ नका. तिथे स्वरांची पुनरावृत्ती दुपटीवर होत नाही, तिपटीवर होते. म्हणजे षड्जापासून निघालं तर फेरा तार षड्जावर न संपता तार पंचमावर संपतो.