उजवीकडची ट्यूब लाल होते

प्रश्न : काका, इथे न्यू जर्सीत मी १९६६ सालचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा ट्यूबवाला गिटार अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) विकत घेतला. वीसेक मिनिटं वाजवला की स्पीकर चालवणाऱ्या दोन ६व्ही६ ट्यूबांपैकी उजवीकडचीची आतली धातूची प्लेट लालबुंद होते, घुं असा आवाज वाढतो आणि फ्यूज उडतो. नवी जोडी घातली तरी त्याच जागेवरची लाल होते. बायसचा (ट्यूबमधला प्रवाह आवरणाऱ्या उणे व्होल्टेजचा) पॉट, म्हणजे ते कमीजास्त करायची फिरकी, फिरवून ती थंड केली, तर सूर खरखरीत येतो. काय करावं?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : लाली दिसली की त्या क्षणी अ‍ॅम्प बंद करा. ट्यूब पुन्हा मिळेल, त्या काळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

पॉट फिरवून हे सुटणार नाही. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये तो पॉट दोन्ही ट्यूबांना मिळून एकच आहे. आजारी ट्यूब थंड व्हावी म्हणून तो फिरवलात, त्यात निरोगी ट्यूब उपाशी राहिली. सूर खरखरीत झाला तो त्यामुळेच.

नवी ट्यूबही त्याच जागी लाल होते, म्हणजे दोष सॉकेटकडे येणाऱ्या वाटेवर आहे. माझा संशय कपलिंग कपॅसिटरवर, म्हणजे आधीची ट्यूब आणि ६व्ही६ यांना जोडणाऱ्या कपॅसिटरवर आहे. फेज इन्व्हर्टरच्या (दोन्ही ६व्ही६ ना एकमेकींच्या उलट सूर पुरवणाऱ्या ट्यूबच्या) प्लेटवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. ते अडवून फक्त सूर पुढे सोडायचा, हे त्याचं काम. तो गळायला लागला की पॉझिटिव्ह व्होल्टेज ६व्ही६ च्या ग्रिडवर (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) झिरपतं आणि उणे बायस खाऊन टाकतं. शाळेत असताना पुण्यातल्या आमच्या घरच्या व्हॉल्व्हच्या (म्हणजे ट्यूबच्याच) रेडिओत हाच दोष मी पहिल्यांदा पाहिला. आउटपुट व्हॉल्व्ह दोनदा बदलून झाला होता आणि खरा चोर तो बोटाएवढा कपॅसिटर निघाला. तेव्हापासून व्हॉल्व्हला दोष देण्याआधी मी ग्रिडवरचं व्होल्टेज मोजतो.

तुम्हीही तेच करा, पण जपून. चॅसिस (अ‍ॅम्पचा धातूचा सांगाडा) उघडल्यावर आत चारशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरांत ते टिकून राहतात. मीटरचं काळं टोक क्लिपने चॅसिसला लावा आणि काम एकाच हाताने करा. मूळची दोन पिनांची वायर असेल तर आधी तीन पिनांची बसवून घ्या.

दोन्ही ६व्ही६ काढा, बाकीच्या ट्यूबा राहू द्या, स्पीकर जोडलेला ठेवा. अर्धा तास चालू ठेवून दोन्ही सॉकेटांची ५ नंबरची पिन, म्हणजे ग्रिड, मोजा. दोन्हीकडे उणे ३५ च्या आसपास हवेत. उजवीकडे उणे २० दिसले, तर ग्रिडला बायस पुरवणाऱ्या २२० किलोओहमच्या रेझिस्टरमधून १५ व्होल्टांचा फरक पडला. म्हणजे गळती सुमारे ७० मायक्रोअँपिअरची, साडेतीन मेगओहमची. कपॅसिटर सोडवून ओहममीटरवर तो धडधाकट दिसेल, कारण मीटर त्याला दोन-चार व्होल्टच देतो. म्हणून प्लग काढून, फिल्टर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करून त्याचा एक पाय उचला आणि पिन पुन्हा मोजा. व्होल्टेज जागेवर आलं की चोर सापडला.

शून्याजवळ दिसलं तर २२० किलोओहमचा रेझिस्टर किंवा त्याचा सांधा तुटलेला आहे. दोन्हीकडे ठीक असेल तर सॉकेटची पकड सैल आहे. दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर बायसचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. फक्त त्याची पॉझिटिव्ह बाजू चॅसिसला जाते, हे ध्यानात ठेवा. सवयीने उलटा बसवलेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

कपलिंग कपॅसिटर दोन्ही बदला, ०.१ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचे. मग दोन्ही सॉकेटांच्या ८ नंबरच्या पिनेत (कॅथोड, जिथून ट्यूबचा प्रवाह जातो) आणि चॅसिसमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला, ट्यूबा परत बसवा आणि त्यावरचं व्होल्टेज मोजा. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. जुन्या हिशोबाने ६व्ही६ ची प्लेट १२ वॅट सोसते. त्याचे ७० टक्के धरले तर ८.४ वॅट. प्लेटवर ४२० व्होल्ट असतील तर दर ट्यूबला २० मिलिअँपिअर, पॉट तेवढ्यावर लावा. मात्र ४२० गृहीत धरू नका, मोजा. हा अ‍ॅम्प ११७ व्होल्टांसाठी आखलेला आहे आणि तुमच्या भिंतीत १२२ असले, तर ४१५ चे ४३३ होतात.

उतरवलेले निळे कपॅसिटर फेकू नका. लिफाफ्यात घालून कॅबिनेटच्या तळाला चिकटवा आणि वर तारीख, मोजलेला बायस लिहा. पुढे हा अ‍ॅम्प ज्याच्या हाती जाईल, त्याला आपण कुठवर आलो होतो ते कळेल.